मॉनिटरवर ३८, रक्तात ५६: खरं काय मानायचं?

तुमच्या प्रश्नात दोन पेशंट आहेत आणि दोघांच्या बाबतीत गोंधळ एकाच जागी झालाय, म्हणून आधी प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो. पहिला पेशंट एंडोस्कोपीसाठी गुंगी दिलेला. नाकाला ऑक्सिजनची नळी, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९९, सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड २२ ते २५ च्या दरम्यान, आणि अलार्म सारखा वाजतोय. तुम्ही लक्षात आणून दिलंत तर उत्तर मिळालं, "नळी सैल असेल, सॅच्युरेशन चांगलं आहे ना, सोडा." दुसरा पेशंट आयसीयूत व्हेंटिलेटरवर, जुना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) असलेला. मॉनिटरवर ईटीसीओटू (श्वासाच्या शेवटी बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड) ३८ आणि त्याच वेळी काढलेल्या एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, पीएसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) ५६. यातला खोटा आकडा कुठला, आणि मॉनिटर एवढा चुकत असेल तर तो लावायचाच कशाला, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या पेशंटचे दोन्ही आकडे खरे असावेत, असं मला वाटतं. पहिल्या पेशंटची नळी खरोखर सैल असू शकते, पण ते तपासल्याशिवाय मान्य करू नये. तपासायला अर्धा मिनिट पुरतो आणि तेवढा वेळ काढला नाही तर पेशंटचा श्वास हळूहळू बंद पडत असताना आपण सॅच्युरेशनच्या ९९ कडे बघत बसतो.

मी भूलतज्ज्ञ आहे. कामाचा निम्मा वेळ थिएटरमध्ये आणि निम्मा आयसीयूत जातो. पलंगाशी उभं राहिल्यावर मी आधी पेशंटकडे बघतो, मग मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची जी रेघ उमटते तिच्या आकाराकडे, मग मागच्या तासाभरात ती रेघ कशी होती तिकडे, आणि आकडा सगळ्यात शेवटी. बरेच जण याच्या उलट्या क्रमाने जातात आणि तुमच्या दोन्ही पेशंटच्या बाबतीत तेच झालंय.

हा वायू मॉनिटरपर्यंत पोचतो कसा, हे एकदा डोळ्यांपुढे आणलं की बाकीचं सोपं होतं. तो पेशींमध्ये तयार होतो. रक्त त्याला फुफ्फुसांपर्यंत आणून सोडतं. श्वास त्याला बाहेर टाकतो. बाहेर पडलेल्या हवेतून इन्फ्रारेड प्रकाश सोडून, तो किती शोषला गेला यावरून यंत्र त्याचं प्रमाण काढतं. म्हणजे आकडा हलला की कारण चार ठिकाणी असू शकतं: वायू तयार होण्यात, वाहून नेण्यात, बाहेर टाकण्यात किंवा मोजण्यात. ताप, थरथर, झटके आले की निर्मिती वाढते. भूल देताना व्हेंटिलेशन (फुफ्फुसांत हवेची ये-जा) वाढवूनही आकडा चढतच राहिला तर मॅलिग्नंट हायपरथर्मियाची, म्हणजे भुलीच्या औषधांनी होणाऱ्या दुर्मिळ, जीवघेण्या प्रतिक्रियेची शंका घ्यावी लागते. हृदयाचा पंप कमी पडला की वायू फुफ्फुसांपर्यंत येतच नाही आणि आकडा पडतो. व्हेंटिलेशनची बाजू सगळ्यांना माहीत असते. ईटीसीओटू म्हणजे फक्त व्हेंटिलेशन, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि रक्ताभिसरण विसरलं जातं.

आता रेघ. श्वास आत घेताना ती शून्यावर असते. श्वास सोडायला सुरुवात झाली तरी पहिला क्षण ती शून्यावरच राहते, कारण आधी श्वासनलिकेतली हवा बाहेर येते आणि त्या हवेची रक्ताशी देवाणघेवाण झालेलीच नसते. मग रेघ उभी चढते. त्यानंतर जवळजवळ सपाट, किंचित वर जाणारा माथा दिसतो. ही वायुकोशांतली हवा. माथ्याच्या शेवटच्या टोकाची उंची म्हणजे ईटीसीओटू. पुढचा श्वास घेतला की रेघ खाली येते. निरोगी माणसात ही उंची ३५ ते ४५ मिमी पारा असते आणि रक्तातल्या आकड्यापेक्षा साधारण २ ते ५ ने कमी.

यातून मी एक गोष्ट कधीच सोडत नाही: माथा दिसत नसेल तर आकडा वाचायचा नाही. टोकदार, बुटकी, ओबडधोबड लाट असली तरी यंत्र तिच्या सर्वोच्च बिंदूचा आकडा निमूटपणे दाखवतं. तो आकडा वायुकोशांतल्या हवेचा असेलच असं नाही.

तुमचा पहिला पेशंट इथेच येतो. सॅच्युरेशन आणि कार्बन डायऑक्साइड दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. पेशंटला ऑक्सिजन चालू असेल तर फुफ्फुसांत साठा असतो. श्वास थांबला तरी सॅच्युरेशन बराच वेळ, कधी काही मिनिटं, चांगलं राहतं. त्या काळात रक्तातला कार्बन डायऑक्साइड पहिल्या मिनिटात साधारण ६ मिमीने आणि पुढे दर मिनिटाला ३-४ मिमीने वाढत जातो. कॅप्नोग्राफची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून रेघ काढणाऱ्या याच यंत्राची) रेघ मात्र श्वास थांबल्यावर काही सेकंदांतच सपाट होते. म्हणून "सॅच्युरेशन चांगलं आहे ना" हे ऑक्सिजन पुरेसा आहे याचं उत्तर झालं. श्वास पुरेसा आहे का, हा प्रश्न तसाच उरतो. अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेशिऑलॉजिस्ट्सने मध्यम आणि खोल गुंगीत श्वासातला कार्बन डायऑक्साइड बघणं २०११ पासून आपल्या मूलभूत निकषांत घातलं, त्यामागे हेच कारण होतं.

गुंगीत श्वास कमी होण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्या मॉनिटरवर एकमेकींच्या अगदी उलट दिसतात. फेंटानिल, मॉर्फिन अशा औषधांनी श्वासांची संख्या घटते, पण प्रत्येक श्वास बऱ्यापैकी खोल राहतो. लाटा दूर दूर होतात, उंच होतात, आकडा ५० च्या वर जातो. हे सगळ्यांच्या लक्षात येतं. प्रोपोफॉल आणि मिडाझोलामने मात्र श्वास उथळ होतो. प्रौढ माणसाच्या साध्या श्वासात साधारण ५०० मिली हवा असते आणि त्यातली १५० मिलीच्या आसपास श्वासमार्गातच राहते, तिची देवाणघेवाण होत नाही. श्वास २०० मिलीवर आला तर बाहेर येते ती बहुतेक ही निरुपयोगी हवाच. वायुकोशांतली हवा नमुन्यात जेमतेम उतरते. मग लाट बुटकी होते आणि आकडा २२ वर येतो, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड त्याच वेळी चढत असतो. मॉनिटर २२ दाखवतोय म्हणजे पेशंट जास्त श्वास घेतोय, असा अर्थ इथे लावला तर तो पूर्ण उलटा पडतो. वरच्या मर्यादेचा अलार्म तर अशा पेशंटमध्ये वाजणारच नाही.

२२ दिसण्याची साधी कारणंही आहेत, तीही सांगायला हवीत. पेशंट तोंडाने श्वास घेत असेल तर नाकाच्या नळीला हवा मिळत नाही. ऑक्सिजनचा प्रवाह जास्त असेल तर नमुना पातळ होतो. एंडोस्कोपीत तोंडात बाइट ब्लॉक (दातांमध्ये धरायचा ठोकळा) असतो, त्यामुळे नाक आणि तोंड दोन्हीकडून नमुना ओढणारी नळी वापरणं बरं. पोट फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडच वापरत असाल तर तोंडावाटे परत येणारा वायू आकडा भलताच दाखवू शकतो. दुखल्यामुळे किंवा भीतीने पेशंट खरोखर भराभर श्वास घेत असेल तरी आकडा २५ येतो, पण तेव्हा लाटा जवळ जवळ असतात आणि प्रत्येकीला स्वच्छ माथा असतो.

मग ओळखायचं कसं? मी हात छातीवर ठेवतो आणि पेशंटला नावाने हाक मारून सांगतो, "मोठा श्वास घ्या, आणि पूर्ण सोडा." नजर रेघेवर. त्या एका मोठ्या श्वासात वायुकोशांतली हवा नळीपर्यंत येते. २२-२३ च्या बुटक्या लाटांच्या रांगेत अचानक एक उंच लाट उठते आणि आकडा ५२ दिसतो. पुढच्या श्वासाला पुन्हा २३. तो ५२ खरा होता. पेशंट उथळ श्वास घेतोय, औषध थांबवा, हनुवटी उचला, पुढचा डोस विसरा. मोठ्या श्वासात लाटेला छान माथा आला आणि आकडा ३७-३८ निघाला, तर उथळ श्वासाची भीती कमी झाली. आता नळी नीट बसवा. आणि हाक मारूनही पेशंटने श्वास घेतलाच नाही, तर तेही उत्तरच आहे: गुंगी आपल्याला वाटते त्यापेक्षा खोल गेलीय. लगेच श्वासमार्ग मोकळा करा आणि भूल बघणाऱ्याला बोलवा. या चाचणीला कुठलंही वेगळं साधन लागत नाही, म्हणून गुंगीच्या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी ती पहिल्याच दिवशी करून दाखवतो.

छाती हलतेय पण रेघ सपाट आहे, हे दिसलं तर "छाती हलतेय ना" म्हणून समाधान मानू नका. छाती आत आणि पोट वर असा झोका दिसत असेल तर श्वासमार्ग बंद आहे: जीभ मागे पडलीय किंवा स्वरयंत्र आवळलंय. हवा जागची हलत नाहीये, नुसते स्नायू झगडताहेत.

दुसऱ्या पेशंटकडे येऊ. ३८ आणि ५६ मध्ये १८ चा फरक. हा फरक डेड स्पेसचा आहे, म्हणजे हवा पोचते पण रक्त पोचत नाही अशा भागाचा. ढोबळ हिशेब करून बघा. वायुकोशांत जाणाऱ्या हवेपैकी दोन तृतीयांश हवेची रक्ताशी नीट देवाणघेवाण होते आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड ५६ आहे. उरलेली एक तृतीयांश हवा अशा वायुकोशांतून परत येते जिथे रक्तच पोचत नाही, तिच्यात शून्य. दोन्ही हवा बाहेर येताना मिसळल्या की मिश्रणात ३७ च्या आसपास उरतो. तुमच्या मॉनिटरने ३८ दाखवला. त्याने बाहेर आलेली हवा बरोबर मोजली. सीओपीडीत यात आणखी एक भर असते: काही भाग सावकाश रिकामे होतात, त्यामुळे माथा सपाट न राहता शेवटपर्यंत चढत जातो. व्हेंटिलेटरचा रेट (मिनिटाला दिले जाणारे श्वास) जास्त असेल तर श्वास पूर्ण सुटायच्या आत पुढचा सुरू होतो, आणि रेघ जिथे कापली जाते तिथला आकडा आपल्याला दिसतो. रेट कमी केल्यावर ईटीसीओटू वाढला, असं अशा पेशंटमध्ये तुम्ही पाहिलं असेल. त्याचं एक कारण हेही असतं.

यातून एक कामाचा नियम निघतो. ईटीसीओटू रक्तातल्या आकड्यापेक्षा लक्षणीय जास्त असणं दुर्मिळ आहे. म्हणून मॉनिटरवर ६० दिसला तर रक्तात निदान तेवढा आहेच, असं धरून चालायला हरकत नाही. मॉनिटरवर ३८ दिसला तर रक्तात ४० असेल की ६०, हे रेघेवरून कळत नाही. जास्त आकडा भरवशाचा असतो. नॉर्मल आकड्याला एबीजीची साक्ष लागते.

या ५६ चं पुढे काय करायचं, हे मात्र पेशंटवर अवलंबून आहे आणि तिथे मी दुरून ठाम सांगू शकत नाही. सीओपीडीचा माणूस घरी असतानाही ५५ वर राहत असेल आणि पीएच ७.३५ च्या वर असेल, तर त्याला ४० वर आणायच्या नादी लागू नये. व्हेंटिलेशन वाढवलं तर हवा आत अडकून बसते आणि रक्तदाब पडतो. पण हाच ५६ डोक्याला मार लागून मेंदूचा दाब वाढलेल्या पेशंटमध्ये असेल तर चित्र पालटतं. कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दाब आणखी चढतो. अशा पेशंटचा व्हेंटिलेटर केवळ मॉनिटरवरच्या ३८ कडे बघून लावला तर नुकसान होईल. उलट बाजूने, आकडा उगाच खाली ओढला तर रक्तवाहिन्या आवळून मेंदूचा रक्तपुरवठा घटतो.

मग मॉनिटर लावायचा कशाला? कारण एबीजी म्हणजे एका क्षणाचा आकडा, आणि दोन एबीजींच्या मध्ये तास जातात. फरक एकदा मोजून ठेवला की मधल्या प्रत्येक श्वासावर नजर राहते. शिवाय फरक बदलणं हीच मोठी बातमी असते. समजा शस्त्रक्रियेनंतरचा पेशंट आहे, ईटीसीओटू रात्रभर ३६. व्हेंटिलेटरच्या सेटिंगला कुणी हात लावलेला नाही, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) तेवढाच, लाटेचा माथा स्वच्छ, आणि दहा मिनिटांत आकडा २१ वर उतरला. व्हेंटिलेशन तेच आहे, नळी नीट आहे, मग वायू गेला कुठे? तो फुफ्फुसांपर्यंत येतच नाहीये. रक्तस्राव, फुफ्फुसांतली गुठळी, हृदयाचा पंप ढासळणं, या दिशेने लगेच शोध घ्यायचा. इथे आकडा कमी झाला म्हणून व्हेंटिलेटरचा रेट कमी करणं, ही हात चटकन जाण्याची जागा आहे आणि ती टाळायलाच हवी. रक्तात तो वायू साठत असतो.

रेघेचे आणखी काही आकार थोडक्यात. माथा नाहीसा होऊन लाट तिरकी चढत गेली, जिला शार्क फिन म्हणतात, तर श्वासनलिका आवळल्यात किंवा श्वासनलिकेत घातलेली ट्यूब दुमडलीय. माथ्यावर खाच दिसली तर पेशंट स्वतः श्वास घेऊ पाहतोय. रेघ खाली येताना शून्याला टेकत नसेल तर तो सोडलेलीच हवा परत घेतोय. भुलीच्या यंत्रावर सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे खडे) संपलाय का आणि झडप अडकलीय का ते बघा.

सपाट रेघेबद्दल मला जरा जास्त आग्रहाने सांगायचंय. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची रेघ अचानक सपाट झाली की पहिला संशय नळीवर जातो: पाणी भरलं असेल, सेन्सर बिघडला असेल. असेलही. पण ट्यूब निघालीय, सर्किट सुटलंय, ट्यूब बंद झालीय किंवा हृदय थांबलंय, हे आधी नाकारायचं आणि नंतर यंत्राकडे वळायचं. ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांचा एनएपी४ हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आयसीयूतल्या अशा मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंना कॅप्नोग्राफी न वापरणं कारणीभूत ठरलं असावं, असं त्यात निघालं. हे वाचल्यापासून व्हेंटिलेटरवरचा एकही पेशंट मी रेघेशिवाय ठेवू देत नाही, वॉर्डातून स्कॅनला नेतानासुद्धा.

ट्यूब घातल्यावर दोन-चार लाटा दिसल्या म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. मास्कने फुगवताना पोटात गेलेली हवासुद्धा सुरुवातीला थोडा कार्बन डायऑक्साइड दाखवते आणि मग लाटा विरत जातात. ट्यूब अन्ननलिकेत तर गेली नाही ना, यासाठी २०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय सूचनांत निकष स्पष्ट आहे: निदान ७ श्वास सलग लाटा हव्यात, आणि माथा तळरेषेपेक्षा किमान ७.५ मिमी उंच हवा. तेवढं दिसलं नाही तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असंच धरायचं. हृदय बंद पडलंय म्हणून रेघ नाही, ही सबबही सहसा टिकत नाही. छातीवर नीट दाब दिले जात असतील तर बुटक्या का होईना, लाटा दिसतात. सीपीआर चालू असताना आकडा एकदम उसळून ३५-४० कडे गेला तर हृदय सुरू झालं असण्याची शक्यता मोठी. ट्यूब घातलेल्या पेशंटमध्ये २० मिनिटांनंतरही तो १० च्या वर येत नसेल तर आशा फार कमी. पण केवळ या एका आकड्यावर सीपीआर थांबवायचा नसतो.

यंत्राबद्दल दोनच गोष्टी. नळीतून नमुना ओढणारं साइडस्ट्रीम यंत्र असेल तर वॉटर ट्रॅप दर शिफ्टला बघा. नळीत पाण्याचा थेंब अडकला की लाटा बसक्या होतात आणि पेशंटलाच काही झालं असं वाटतं. ट्यूबला जोडायचा मेनस्ट्रीम सेन्सर असेल तर त्याच्या काचेवर कफ चिकटलाय का ते बघा, आणि त्याच्या वजनाने ट्यूब ओढली जात नाही ना, तेही. शिवाय मॉनिटरचं एकक तपासा. काही मॉनिटर किलोपास्कल दाखवतात. तिथला ५ म्हणजे आपला ३७-३८. नवीन मॉनिटर आला त्या रात्री यावरून उगाच धावपळ झालेली मी पाहिलीय.

अलार्म बंद करू नका, त्याच्या मर्यादा पेशंटप्रमाणे लावा. तुमच्या सीओपीडीच्या पेशंटमध्ये फरक १८ आहे; वरची मर्यादा नेहमीसारखी ५० ठेवली तर अलार्म वाजेपर्यंत रक्तात ६८ झालेला असेल. एंडोस्कोपीच्या पेशंटला आकड्याच्या मर्यादेपेक्षा श्वास थांबल्याचा अलार्म महत्त्वाचा, तो चालू आहे ना ते आधीच बघून ठेवा.

सीओपीडीच्या पेशंटसाठी आज रात्रीपासून हे करता येईल. प्रत्येक एबीजीचं रक्त सिरिंजमध्ये येतंय त्याच क्षणी मॉनिटरवरचा आकडा लिहून ठेवा, रिपोर्ट आल्यावर नव्हे. शिफ्टच्या नोंदीत एक ओळ पुरते: वेळ, ईटीसीओटू ३८, पीएसीओटू ५६, फरक १८, पीएच, रेट, पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसांत राखलेला दाब), माथा चढता. व्हेंटिलेटरची सेटिंग बदलली, रक्तदाब पडला, रेघेचा आकार पालटला किंवा आकडा हलून नव्या जागी टिकून राहिला, तर पुढची एबीजी ठरलेल्या वेळेची वाट न बघता मागा. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा पीएच आणि पेशंट बरा असतानाचा त्याचा नेहमीचा पीएसीओटू कळवा. ५६ ला हात लावायचा की नाही, हे त्या दोन आकड्यांवर ठरेल.